कानानं ओळखलेली पाखरं

आम्ही कुसगावच्या बायका बोलतोय. आज आपण पाखरांबद्दल बोलणार आहोत. डोळ्यांना दिसणाऱ्या नव्हे, कानाला ऐकू येणाऱ्या पाखरांबद्दल. रानातलं पाखरू न बघता नुसत्या आवाजावरून ओळखायची विद्या आपल्याकडं फार जुनी आहे. ती कुणाकडं होती, पुस्तकांत कशी गेली, आणि आता कुणाकडं उरली आहे, ते आज सांगायचं आहे.

यात आपला काय संबंध, असं वाटेल कुणाला. संबंध आहे. कारण ही विद्या सांभाळली ती जास्त करून पहाटे उठणाऱ्यांनी, आणि घरात सगळ्यांत आधी कोण उठतं ते आपल्याला माहीत आहे.

जात्याच्या वेळेची पाखरं

विजेची गिरणी गावात यायच्या आधी घरोघरी पहाटे जातं फिरायचं. घड्याळ मोजक्याच घरांत असायचं. पहाट किती झाली ते कोंबड्यावरून कळायचं, आणि त्यानंतर एकामागून एक बोलणाऱ्या पाखरांवरून. अजून अंधार असतानाच कोतवाल बोलायला लागतो. मग दयाळ शीळ घालतो. झुंजूमुंजू झालं की बुलबुल जागे होतात. चांगलं उजाडलं की चिमण्या आणि सातभाई कलकलाट करतात. रोज त्याच वेळी, त्याच कामाला बसणाऱ्या बाईचा कान आपोआप तयार होत असे. तिला कुणी शिकवत नसे आणि ती स्वतःला जाणकारही म्हणवत नसे.

पाखरं पहाटेच का एवढी बोलतात? त्या वेळी वारा पडलेला असतो, बाकी आवाज नसतात, त्यामुळं हाक लांब जाते. विणीच्या दिवसांत नराला दोन गोष्टी सांगायच्या असतात: ही जागा माझी आहे, आणि मादीनं इकडं यावं. त्याला आपण गाणं म्हणतो. संकट आलं, पिल्लू हरवलं, थवा पांगला, तर जी छोटी हाक दिली जाते ती वेगळी. म्हणजे एकाच पाखराचं गाणं एक आणि साधं बोलणं दुसरं. दोन्ही ओळखता आली तर रानात काय चाललंय ते घरात बसून कळतं.

आपल्या मावळ-मुळशीतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून गोळा करायला सुरुवात केली. पुढं महाराष्ट्रभरातून मिळून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. त्यातल्या अनेक गायिकांचे आवाजही ध्वनिमुद्रित झाले, आणि ‘पारी’ या संकेतस्थळावर ते आज कुणालाही ऐकता येतात. जातं थांबलं तरी ओवी राहिली, कारण कुणीतरी वेळेत येऊन ऐकलं आणि लिहून घेतलं. त्याच जात्यावर बसून बायकांनी जी पाखरं ऐकली, ती मात्र अशी कुणी विचारून लिहून घेतली नाहीत.

नावातच आवाज

तरीसुद्धा या विद्येचा एक भक्कम पुरावा आपल्या तोंडात आहे. तो म्हणजे पाखरांची नावं. काव काव करतो तो कावळा. टिटिव टिटिव ओरडते ती टिटवी. कुटरूक कुटरूक करत दिवसभर झाडाच्या शेंड्यात बसतो तो कुर्टुक. हिरव्या रंगाचा असल्यानं पानांत तो दिसतच नाही, म्हणून त्याला नाव मिळालं ते आवाजाचंच. भर उन्हात तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारावी तसा टुक टुक टुक आवाज काढणारा इवलासा पक्षी, तो तांबट. पुण्याच्या तांबट आळीत भांडी घडवताना जो ठेका ऐकू येतो, तोच ठेका कुणीतरी झाडावर ऐकला आणि नाव दिलं.

पावशाचं तर काय सांगावं. उन्हाळा तापला, राब भाजून झाले, की हा पक्षी चढत्या आवाजात ओरडायला लागतो, आणि आपल्याला ऐकू येतं ‘पेरते व्हा, पेरते व्हा’. हाच पक्षी उत्तरेकडं हिंदी बोलणाऱ्या माणसांना ‘पी कहाँ’ म्हणताना ऐकू येतो, म्हणजे माझा प्रियकर कुठं आहे. इंग्रज साहेबाला तो ‘ब्रेन फीवर’ म्हणताना ऐकू आला, म्हणजे मेंदूचा ताप! उन्हाळ्यानं हैराण झालेल्या साहेबाला ताप आठवला, आणि शेतकऱ्याला पेरणी. पाखरू तेच, आवाज तोच. ऐकणाऱ्याच्या मनात काय आहे त्याप्रमाणं शब्द बसतात. पण शब्द बसवले की आवाज विसरत नाही, ही शिकण्याची युक्ती सगळ्यांनी सारखीच वापरली.

इथं एक गोष्ट सांगून ठेवतो. पावशाला पावसाचा अंदाज येतो म्हणून तो ओरडत नाही, त्याच्या विणीचे दिवस असतात म्हणून ओरडतो. ते दिवस पावसाच्या तोंडावर येतात एवढंच. तेव्हा तो ओरडला म्हणून बी टाकायचं नाही, जमिनीत पुरेशी ओल झाली की टाकायचं. पावशानं फक्त बियाणं काढून ठेवायची आठवण करून दिली असं धरावं.

कोकिळेचीही एक गंमत आहे. ‘कोकिळा गाते’ असं आपण सहज म्हणतो. पण आंब्याच्या झाडावर कुहू कुहू करणारा नर असतो, काळाकुळकुळीत. मादी ठिपक्याठिपक्यांची, तपकिरी. ती किक् किक् किक् असा घाईचा आवाज काढते. तो ऐकू आला की समजावं, ती जवळपास कावळ्याच्या घरट्यावर नजर ठेवून असेल. कारण ती अंडी घालते ती कावळ्याच्या घरट्यात.

शकुन आणि भीती

आवाज ओळखायच्या या विद्येला एक दुसरी वाटही फुटली, शकुनाची. ही वाट फार जुनी आहे. सहाव्या शतकात वराहमिहिरानं लिहिलेल्या बृहत्संहितेत पशुपक्ष्यांच्या आवाजावरून शकुन पाहण्याचे अध्याय आहेत, कावळ्यावर तर स्वतंत्र अध्याय आहे. आपल्याकडं अजूनही दारात कावळा ओरडला की पाहुणा येणार म्हणतात. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात. आणि पहाटे कंदील घेऊन दारोदारी भविष्य सांगणारा पिंगळा जोशी पिंगळ्याची भाषा जाणतो, अशी समजूत होती.

या शकुनांमुळं लोकांनी पाखरांचे आवाज नीट लक्षात ठेवले, हे खरं. पण काही पाखरांच्या माथी अपशकुनाचा शिक्काही बसला. टिटवी रात्री ओरडली की मरण जवळ आलं म्हणतात. घुबड घरावर बसलं की घरात वाईट होणार म्हणतात. आणि घरात खरंच वाईट झालं, की पाखरावर आलेला राग पुष्कळदा घरातल्या सुनेवर नाहीतर एकट्या बाईवरही निघतो. म्हणून हा विषय नुसता पाखरांचा नाही.

टिटवी रात्री का ओरडते? ती झाडावर घरटं करत नाही. उघड्या जमिनीवर, ढेकळांत, खड्यांत अंडी घालते. कुत्रं, कोल्हा, मुंगूस, साप किंवा माणूस त्या बाजूला आला की ती जीव तोडून ओरडते, अंगावर झेपावते, शत्रूला लांब नेते. रात्री ती ओरडली याचा अर्थ शिवारात काहीतरी हललं. ती मरणाची खबर देत नाही, पोरांची राखण करते. पिंगळ्याची जोडी तिन्हीसांजेला चिर्र चिर्र करत भांडल्यासारखी बोलते, ते त्यांचं एकमेकांशी बोलणं असतं. हा पिंगळा किडे, उंदीर, सरडे खाऊन शेताची सफाई करतो. घुबडांना मात्र आजही जादूटोण्याच्या नादानं पकडतात, मारतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घुबड पकडणं, मारणं, विकणं हा गुन्हा आहे. रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवणं हाही गुन्हाच आहे.

आमचं म्हणणं एवढंच की आजीचं ऐकणं ठेवावं आणि भीती सोडावी. आवाज कुणाचा आहे हे ती बरोबर सांगत होती. त्या आवाजाचा अर्थ आज आपल्याला जास्त चांगला सांगता येतो.

बंदूक आणि वही

आता ही माहिती पुस्तकात कशी गेली ते बघू. विल्यम हेन्री साइक्स हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी. मुंबई सरकारनं त्यांना दख्खनची माहिती गोळा करायला नेमलं होतं. १८३२ साली त्यांनी दख्खनमधल्या पक्ष्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढं ठेवली. आपल्या डोमकावळ्याचं आणि मोठ्या करड्या सातभाईचं शास्त्रीय नाव त्याच यादीतून आलेलं आहे. १८६० च्या दशकात थॉमस जर्डन यांनी भारतातल्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात देशी भाषांमधली नावंही नोंदवली. १८७८ साली मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन आणि रेल्वेतले वेंडन यांनी दख्खनच्या पक्ष्यांवर लेख लिहिला. बोरघाटातून रेल्वे सुरू झाली १८६३ साली, त्यानंतर साहेब लोकांना आपल्या डोंगरात यायला सोपं झालं होतं.

त्या काळची पद्धत अशी होती की पक्षी बंदुकीनं पाडायचा, मोजायचा, त्याचं कातडं भरून ठेवायचं. त्यातून रंग, चोच, पंख यांची फार बारीक माहिती मिळाली. पण मेलेला पक्षी बोलत नाही. त्यामुळं आवाजाची माहिती मागं पडली. आणि हा पक्षी कुठं सापडेल, कधी येतो, इथं त्याला काय म्हणतात हे सांगणारी गावची माणसं त्या पुस्तकांत फारशी नावानिशी आली नाहीत.

पुढं मुंबईत १८९६ साली जन्मलेल्या सलीम अली यांनी हा अभ्यास सगळ्यांपर्यंत नेला. १९४१ साली त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. नंतर डिलन रिप्ली यांच्याबरोबर त्यांनी १० खंडांचा मोठा ग्रंथ केला, त्यात पक्ष्याच्या आवाजालाही जागा दिली. सलीम अली यांच्या पत्नी तेहमिना त्यांच्याबरोबर रानोमाळ हिंडल्या, मुक्कामाची सगळी व्यवस्था त्यांनी पाहिली. १९३९ साली त्या गेल्या. पुस्तकावर नाव एकाचं असलं तरी कामात किती हात असतात, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

मराठीत हे काम मारुती चितमपल्ली यांनी केलं. सोलापुरात १९३२ साली जन्मलेले चितमपल्ली वनखात्यात नोकरीला होते. जंगलात राहणाऱ्या माणसांकडून त्यांनी पाखरांची, झाडांची नावं ऐकली, लिहून घेतली आणि ‘पक्षिकोश’ केला. जे शब्द रानातल्या माणसांच्या तोंडी होते ते छापील मराठीत आले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर. म्हणून हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो.

यंत्रात शिरलेला आवाज

माणसाचा आवाज साठवणारं यंत्र एडिसननं १८७७ साली काढलं. १८८९ साली जर्मनीत लुडविग कोख नावाच्या ८ वर्षांच्या मुलानं त्या यंत्रावर एका पाखराचा आवाज उतरवला. पक्ष्याच्या आवाजाचं ते सगळ्यांत जुनं माहीत असलेलं रेकॉर्डिंग. आणि ते पाखरू कुठलं? आपल्या सह्याद्रीच्या दाट झाडीतही राहणारा श्यामा. आपल्याकडच्या जातीचं पाखरू जर्मनीतल्या पिंजऱ्यातून जगाच्या कानावर पहिलं पोचलं. पुढं कोख ज्यू असल्यानं त्यांना देश सोडावा लागला. ते इंग्लंडला गेले आणि तिथं रेडिओवर पाखरांचे आवाज ऐकवू लागले.

त्याच्याही आधी, १९ मे १९२४ च्या रात्री, बीबीसी रेडिओनं इंग्लंडमधल्या बिअॅट्रिस हॅरिसन या बाईंच्या बागेतून थेट प्रक्षेपण केलं. त्या झाडाखाली बसून चेलो हे वाद्य वाजवत होत्या आणि नाइटिंगेल पक्षी गात होता. त्या पहिल्या रात्री खरा पक्षी होता की नक्कल करणारी कलावंत, यावर नंतर वादही झाला. पण लोकांना ते इतकं आवडलं की हा कार्यक्रम पुढं कित्येक वर्षं होत राहिला.

आपल्या देशातही रेडिओवर पाखरांबद्दल बोलणारी एक बाई होऊन गेली. जमाल आरा त्यांचं नाव, जन्म १९२३, बिहारमधला. शाळा बेताचीच झालेली. पण छोटा नागपूरच्या जंगलात हिंडून त्यांनी पक्ष्यांवर भरपूर लिहिलं, आकाशवाणीवर कार्यक्रम केले. १९७० साली नॅशनल बुक ट्रस्टनं त्यांचं पक्षिनिरीक्षणाचं पुस्तक काढलं. आज सामुदायिक रेडिओवरून आपण बोलतोय, त्या वाटेवर त्या कधीच चालून गेल्या आहेत.

ऐकणं थांबलं तर

आता खरी काळजीची गोष्ट. १९५० च्या दशकात केंब्रिजच्या विल्यम थॉर्प यांनी चॅफिंच नावाच्या पाखराची पिल्लं वेगळी वाढवली, मोठ्यांचं गाणं त्यांना ऐकूच दिलं नाही. ती मोठी झाली, गायला लागली, पण गाणं अर्धवट, ओबडधोबड. म्हणजे या पाखरांनाही गाणं पुरतं जन्मानं येत नाही, मोठ्यांचं ऐकून शिकावं लागतं. ऑस्ट्रेलियात रीजंट हनीइटर नावाचा पक्षी आहे. जंगल तुटलं, पक्षी थोडे राहिले, आणि तरुण नरांना शिकवायला म्हातारे नर मिळेनात. २०२१ साली अभ्यासकांनी सांगितलं, की त्यातले काही तरुण नर दुसऱ्याच जातीच्या पाखरांचं गाणं म्हणतात, आणि माद्या त्यांच्याकडं कमी फिरकतात.

कानावर चाललेली विद्या अशी एका पिढीत तुटते. पाखरांची तुटते, तशी आपलीही. आज कुसगावच्या एका अंगाला डोंगर आहे, दुसऱ्या अंगाला एक्सप्रेसवे. तो २००२ साली पूर्ण सुरू झाला, तेव्हापासून गाड्यांचा घुरघुराट दिवसरात्र चालू असतो. परदेशात लायडन नावाच्या शहरात २००३ साली असं दिसलं, की गाड्यांच्या गोंगाटात राहणारी एक जातीची पाखरं चढ्या सुरात गातात, नाहीतर त्यांचं एकमेकांना ऐकूच जात नाही. आपल्या घरातही टीव्ही आणि मोबाइल पहाटेपासून चालू. नातीला दहा गाड्यांचे हॉर्न ओळखता येतात, पण कुर्टुक आणि तांबट यांतला फरक सांगता येत नाही. यात तिचा दोष नाही. तिला कुणी ऐकवलंच नाही.

मोबाइलचा उपयोगही आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचं ‘मर्लिन’ नावाचं मोफत अॅप आहे. २०२१ पासून ते आवाज ऐकून पाखराचं नाव सुचवतं. कधी चुकतंही. म्हणून ते सांगेल ते आपल्या डोळ्यांनी आणि गावातल्या जाणत्या माणसाला विचारून ताडून बघावं. रानात फिरणाऱ्या ठाकर, कातकरी घरांतल्या बायकांचा कान आपल्यापेक्षा तयार असतो. त्यांना आवर्जून विचारावं, आणि नाव लिहिताना सांगणारीचंही नाव तिच्या परवानगीनं लिहावं.

सुरुवात कशी करायची? महिन्याला एकच पाखरू घ्यायचं. उन्हाळ्यात तांबट आणि पावशा. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत कोकीळ. बारा महिने भारद्वाज: झुडपातून कूप कूप कूप असा घुमणारा, खोल आवाज. बांधावर टिटवी. आणि पावसाळ्यात ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर. जून ते सप्टेंबर, लोणावळ्याच्या धुक्यात, उजाडायच्या आधी कुणी पोरगा उगीच शीळ घालत चाललाय असं वाटलं, तर तो हाच. त्या दिवसांत त्याची वीण असते. इंग्रजांनी त्याचं नावच शीळ घालणारा शाळकरी पोर असं पाडलं होतं.

आवाज ऐकला की चार गोष्टी बघायच्या. सूर चढतो की एकसारखा राहतो? ठेका संथ की घाईचा? आवाज जमिनीवरून येतो, झुडपातून की शेंड्यातून? आणि वेळ कोणती? मग त्याला आपले शब्द बसवायचे, ‘पेरते व्हा’सारखे. शब्द हसू येण्यासारखे असले तरी चालतील, उलट ते जास्त लक्षात राहतात.

गटाच्या बैठकीला हिशोबाची वही असतेच. तिच्या मागच्या पानांवर रकाने आखा: तारीख, वेळ, जागा, आवाज कसा होता, आपल्याकडचं नाव, आणि कुणी सांगितलं. गटातली जी सगळ्यांत म्हातारी आहे तिच्यापासून सुरुवात करा. लिहिता येत नसेल तर तिनं सांगावं, शाळेत जाणाऱ्या पोरीनं लिहावं. येत्या ५ नोव्हेंबरला पक्षी सप्ताह सुरू होईल, तोवर प्रत्येक गटाच्या वहीत निदान १० पाखरं आलेली असावीत. त्या वह्या घेऊन या, त्यातली नावं सांगणारीच्या नावासकट आपण इथं रेडिओवर वाचू.